पाळणाघराची किल्ली

ऑइल पेंटचा वास आला की मला अजून ते पाळणाघर आठवते. लहान बाळांच्या खोलीला दुधाचा, पावडरीचा, ओल्या दुपट्याचा वास असावा. अंबडच्या आमच्या कारखान्यातल्या पाळणाघराला मात्र केवळ रंगाचा वास होता. कामगारांच्या सोयी तपासणाऱ्या प्रत्येक ऑडिटच्या आधी त्याला नवा हात दिला जाई, आणि दोन ऑडिटच्या मध्ये ते कुलूपबंद असे. किल्ली माझ्या खुर्चीमागच्या खिळ्यावर लटकत असे.

भिंतीवर ससे होते, आकाशी ढग होते, आणि ढगांखाली मी रचलेली अंगाई. मराठी घेऊन एम. ए. झालेली बाई कर्मचारी विभागात आयतीच मिळाली आहे, तर कामगार कल्याणाचे सारे साहित्य तिच्याकडूनच का करून घेऊ नये, असा साहेबांचा विचार. कँटीनमधले सुविचार माझे. विश्रांतिकक्षातला 'येथे झोपू नये' हा फलकही माझाच. जिथे एकही बाळ कधी झोपले नव्हते तिथल्या अंगाईचे यमक मी आठवडाभर घासूनपुसून लखलखीत केले होते.

"पाळणाघर रोज उघडले तर?" मी एकदा साहेबांना विचारले.

"वापरली की वस्तू खराब होते, मॅडम," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "ऑडिटला काय दाखवणार मग?" म्हणूनच तिथला लाकडी घोडा आणल्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत उभा होता.

स्विचचे भाग जोडणाऱ्या बायकांत कळवणकडची एक तरुण मुलगी होती. तिच्या बोटांना पितळेचा गार, आंबूस वास असे. तिची दहा महिन्यांची लेक शेजारणीकडे राही. एका शुक्रवारी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, शेजारीण सोमवारपासून द्राक्षाच्या कामाला चालली. सासूबाई म्हणतात, रविवारी येऊन पोरीला गावी नेते. अंगावर पिते हो अजून. कशी धाडू?"

नेमके सोमवारी ऑडिट होते. "चार मुलं तरी दिसली पाहिजेत," साहेबांनी सकाळीच बजावले होते, "पण रडकी नकोत हं."

मी तिला म्हणाले, "सोमवारी पाळणाघर उघडणार आहे. घेऊन ये तिला."

त्या वाक्यात खोटे काहीच नव्हते. सोमवारी संध्याकाळी ते बंद होणार आहे, एवढे मी सांगितले नाही. तिने तिथूनच सासूला फोन लावला. "नका येऊ आता. कंपनीनं सोय केली हे!"

सोमवारी घोडा पिशवीतून बाहेर आला. कँटीनच्या ठेकेदाराची जुळी मुले आणि सुपरवायझरचा भाचा अशी तीन गुटगुटीत, न रडणारी बाळे हजर झाली, चौथी कळवणकरणीची. कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींना गुलाबी साडी नेसवून मी त्यांच्या छातीवर 'बालसंगोपिका' असा बिल्ला लावला.

"नाव लय मोठं दिलं मॅडम," मावशी बिल्ला चाचपत म्हणाल्या. "पगार तेवढाच ना?"

समाधानाचे फॉर्म शनिवारीच भरून तयार होते. त्यांवर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे छापलेले. एकजात सगळ्या कामगारांनी शेवटच्या चेहऱ्यावर खूण केली होती, तीही एकाच पेनाने. पण ऑडिटला आलेल्या बाईंनी फॉर्म बाजूला सारले आणि लेकीला पाजायला आलेल्या त्या आईलाच विचारले, "सोय कशी वाटते?"

साहेबांनी फॉर्म पुन्हा बाईंच्या पुढे सरकवले.

"घरी एवढी झोपत नाय ही," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा कामात जीव लागला बघा. नायतर कान सारखा घराकडं."

बाईंनी ते शब्दशः उतरवून घेतले. त्या दिवशी तिच्या हातचा एकही नग तपासणीतून परत आला नाही, असे सुपरवायझरने मला मागाहून सांगितले. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता. 'सुविधांमुळे समाधानाची पातळी उंचावली' हे वाक्य तर मी आदल्या आठवड्यातच लिहून ठेवले होते.

चार वाजता बाईंची गाडी फाटकाबाहेर पडली. "उत्तम झालं! आवरा आता," साहेब म्हणाले. घोडा पिशवीत गेला, मावशी साडी सोडायला गेल्या. मी कुलूप घेऊन दारात उभी राहिले. खोलीला प्रथमच रंगापेक्षा दुधाचा वास अधिक येत होता.

भोंगा झाला तशी ती धावत आली. झोपलेल्या लेकीला तिने खांद्यावर घेतले. दुपटे उचलले, झटकले, नीट चौघडी केली आणि सशांच्या भिंतीखाली कोपऱ्यात ठेवून दिले. शेजारी वाटी आणि चमचाही ठेवला.

मी आत जाऊन ते सारे उचलले आणि तिच्या पिशवीत घातले. मला वर बघवेना. तिची नजर माझ्या हातातल्या कुलपावर गेली, तिथून किल्लीवर. लेकीची मान सावरत तिने हळूच विचारले, "उद्या?"