मामांचं नाव किलबिलीच्या खाली

आमच्या भावकीत लग्नपत्रिकेचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आहे, कारण मला टायपिंग येतं आणि बाकीच्यांना भांडता येतं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, खरेदी विभागात मी आयुष्यभर पत्रं टाईप करत आलोय. (पंचतारांकित हे वसाहतीचं नाव आहे. आमच्या कॅन्टीनच्या चहाशी त्याचा संबंध जोडू नये.) त्यामुळे कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं असा घरात समज आहे, आणि तो दूर करण्याइतका मी प्रामाणिक नाही. एकदा एका सत्कारपत्राची अक्षरं ठळक करून दिली होती, तेव्हापासून तर भावकीत मला इंजिनिअरच्या खालोखाल मान आहे. नाव सुभाष. पण लहानपणी अंगानं गोल होतो म्हणून घरात सगळे गुंडू म्हणतात. गोलाई अजून आहे, त्यामुळे नाव बदलायचा विषय कुणी काढला नाही.

तर आमच्या एकुलत्या एक ऋतुजाचं लग्न ठरलं. इतर ठिकाणी पत्रिका लग्न कुठे आणि कधी आहे हे सांगते. आमच्याकडे ती कोण कुणाच्या वर आहे हे सांगते. मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता जागा उरली तर. मागच्या लग्नात कच्चा मजकूर कागदावर घेऊन मी घरोघर फिरलो होतो. प्रत्येक घरात चहा झाला, प्रत्येक घरात एक नाव वर गेलं आणि एक खाली आलं, आणि शेवटी माझे चुलतभाऊ बापूदादा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. दोष माझाच होता. (माझ्या आयुष्यात तो सहसा माझाच असतो, इतरांना सापडायच्या आधी मी तो शोधून ठेवतो.)

यंदा मी शहाणा झालो. मजकूर ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये टाईप केला आणि घरी बैठक बोलावून सगळ्यांना सांगितलं, की ही एकच फाईल, सगळ्यांच्या मोबाईलवर उघडणार, ज्याला जो बदल सुचवायचाय तो त्यानं स्वतः करायचा. संपूर्ण लोकशाही. आणि कुणी लबाडी करायचा प्रश्नच नाही, कारण कुठलं अक्षर कुणी कधी हलवलं याची सगळी हिस्टरी ते लक्षात ठेवतं.

"म्हंजे सीसीटीव्ही म्हण की," बापूदादा म्हणाले.

"अगदी तसंच, दादा."

ऋतुजा पुण्यात असल्याच कॉम्प्युटरच्या कामाच्या नोकरीत आहे, बैठकीपुरती घरी आली होती. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, सगळ्यांना एडिट करायला देऊ नका. फक्त बघायला द्या." मी दुखावलो. स्वतःच्या रक्तामांसाच्या माणसांवर एवढा अविश्वास? मी लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली आणि समाधानानं झोपलो.

सकाळी उठून बघतो तर पत्रिकेत प्राणी शिरले होते. लॉगिन न करता कुणी फाईल उघडली, तर ते सॉफ्टवेअर त्याला नावाऐवजी एक प्राणी देतं. आमच्या भावकीत लॉगिन करणारा मी एकटा. बाकी सगळे थेट जंगलातून आले होते. वरच्या कोपऱ्यात निनावी कोल्हा, निनावी उंट, निनावी पाणघोडा, निनावी घुबड असे रांगेनं उभे, आणि खाली मजकूर नांगरल्यासारखा हलत होता. बापूदादांचं नाव कोल्ह्यानं खाली नेलं, उंटानं वर आणलं. इचलकरंजीच्या आत्यांच्या जावयाच्या नावापुढे घुबडानं 'माजी उपसरपंच' घातलं, ते कुणीतरी 'माजी' एवढंच ठेवलं. कुणी कैलासवासी आजोबांचा फोटो चिकटवला. तो एवढा मोठा, की ऋतुजा दुसऱ्या पानावर गेली. दुपारपर्यंत नवऱ्या मुलाचं नावच उडालं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या जागेबद्दल आमच्या भावकीत कुणाची तक्रार नव्हती.

ग्रुपवर चौकशा सुरू झाल्या. "ह्यो पाणघोडा कोण हाय, त्यानं समोर यावं," असं बापूदादांनी लिहिलं. त्यावर कुणीतरी त्यांना आरशात बघायला सांगितलं, आणि मग पत्रिका बाजूला राहिली.

आता माझ्या अपराधाकडे येतो. माझे मेहुणे सर्जेराव, म्हणजे बायकोचा, सुनंदाचा धाकटा भाऊ, शिरोळला असतात. शेती उसाची, आवाज ट्रॅक्टरचा, मन मोठं. कार्यालय त्यांनी ठरवलं, आचारी त्यांनी आणला, मांडववाल्याशी हुज्जत त्यांनी घातली. ऋतुजा लहानपणी चालायला शिकली ती त्यांच्या बोटाला धरून. मी तेव्हा पत्र टाईप करत असेन. एवढ्या भल्या माणसाबद्दल माझ्या मनात वाईट यायचं काही कारण नव्हतं. पण मागे साखरपुड्याला नवऱ्याकडच्या मंडळींनी विचारलं, की एवढी धावपळ एकट्या वधूपित्याला कशी झेपते. सर्जेराव म्हणाले, "दाजींचं काय वो, त्यांनी टायपिंग करायचं. बाकी मी हाय की."

सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो, आणि असा माणूस धोकादायक असतो हे मला स्वतःला पाहून कळलं.

पत्रिकेत प्राणी शिरले त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी पत्रिका उघडली. 'मामा : श्री. सर्जेराव' ही ओळ निमंत्रकांच्या लगेच खाली, ठळक अक्षरांत, रुबाबात बसली होती. पत्रिकेच्या अगदी तळाला लहान मुलांची किलबिल असते, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं लाडिक अक्षरांत लिहिलेली, खाली चिमुकल्यांची नावं. मी सर्जेरावांची ओळ उचलली आणि किलबिलीच्याही खाली नेऊन ठेवली. नुसतं कसं दिसतंय ते बघायला. आणि खरं सांगतो, फार छान दिसत होतं! पाच मिनिटांत परत वर नेणार होतो, पण तेवढ्यात कास्टिंगच्या एका ऑर्डरचा फोन आला, आणि त्या दिवशी मी कंपनीच्या कामात जेवढं मन घातलं तेवढं नोकरीला लागल्यापासून कधी घातलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सुनंदा फोनवर होती. पलीकडून येणारा आवाज जिन्यातच ऐकू आला होता.

"आक्का, पोरांच्या खाली माझं नाव? मग मी पोरांसंगटच येतो की, खिशात चॉकलेट घालून. पोरीच्या पाठीशी उभा कर जा दुसरा कोण तरी."

फोन बंद झाला. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो. ती जागा दुसऱ्या कुणाची नाही, बापाचीही नाही. ऋतुजानं पुण्याहून फोन करून दोनच वाक्यं सांगितली. मामा पाठीशी नसेल तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. आणि हे ज्यानं केलं त्याचं नाव मला पाहिजे.

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. तिला संशय नव्हता. संशय घेण्याइतका मी कर्तबगार आहे असं तिला कधीच वाटलेलं नाही. "हे बापूदादांचंच काम," ती म्हणाली. "मागच्या पत्रिकेचा राग काढला."

या ठिकाणी मी "नाही" म्हणायला हवं होतं. मी "असेल" म्हणालो. तेही सुस्कारा टाकून.

बापूदादांच्या कानावर ते जायला शेजारच्या घरापर्यंतचा वेळ लागला. त्यांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, त्यामुळे मी जास्त घाबरलो. "गुंड्या," ते म्हणाले, "तूच म्हणलावतास न्हवं, सीसीटीव्ही हाय म्हणून? लाव की मग. रविवारी येतो बघायला."

तोपर्यंत मी माझी ती बढाई साफ विसरलो होतो!

मग मी पुरावा नष्ट करायला बसलो. आधी सर्जेरावांची ओळ गुपचूप मूळ जागी नेली. हिस्टरी उघडून बघितली, तर आधी एका ठिकाणी असलेलं माझं नाव आता दोन ठिकाणी होतं. मग विचार केला, मजकूरच नसेल तर हिस्टरी कशाची राहणार? म्हणून सगळा मजकूर पुसला. हिस्टरीत माझ्या नावापुढे ही नवी कामगिरी चढली, आणि ग्रुपवर "पत्रिका गेली, पत्रिका गेली" असा आकांत उसळला. (कोणा वयोवृद्ध नातेवाइकाला लग्न मोडल्याचा निरोप गेला आणि ते सांत्वनाला आले, तो भाग इथे सांगत नाही. त्यांना जेवू घालून पाठवलं.) घाबरून मजकूर परत आणला, त्याची नक्कल करून नवी फाईल केली आणि नवी लिंक पाठवली. आता निम्मी भावकी जुन्या पत्रिकेत आणि निम्मी नव्या पत्रिकेत भांडू लागली. एकीत जेवण बाराला होतं, दुसरीत एकला. जुनी फाईल मात्र जागच्या जागी शाबूत होती, आणि तिच्या हिस्टरीत मी इतक्यांदा येऊन गेलो होतो, की परका माणूस म्हणाला असता, काय बाप आहे, पोरीच्या लग्नासाठी केवढा राबतो.

रविवारी सगळे आमच्या हॉलमध्ये जमले. सुनंदानं भावाला शपथ घालून शिरोळहून आणवलं होतं आणि त्याचा राग उतरावा म्हणून मटण शिजवलं होतं. सर्जेराव भिंतीकडे बघत बसले. बापूदादा इस्त्रीचे कपडे घालून, निर्दोष सुटायच्या तयारीनं आले होते. ऋतुजा पुण्याहून आली, तिनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. मी म्हणालो, जेवणं होऊ देत, निवतंय सगळं. कुणी हललं नाही.

मोठ्या पडद्यावर जुनी पत्रिका पहिल्या दिवसापासून चालायला लागली. नवरा मुलगा गायब झाला, आजोबा आले नि गेले, उपसरपंच माजी झाले. सगळीकडे एकच शिक्का : निनावी, निनावी, निनावी. कोल्हा कोण आणि घुबड कोण हे त्या यंत्रालाही सांगता येत नव्हतं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती दुपार आली. सर्जेरावांची ओळ किलबिलीखाली गेली, आणि शेजारी जांभळ्या रंगात संपूर्ण नाव उमटलं, सोबत माझा टाय घातलेला फोटो. ऑफिसच्या ओळखपत्रासाठी काढलेला. हसरा.

एवढ्या सगळ्या प्राण्यांत लॉगिन करून आलेला माणूस एकच होता, आणि तो मी.

सुनंदानं स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. बापूदादांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला आणि माझा फोटो पुन्हा नीट बघून घेतला.

"का, दाजी?" सर्जेराव म्हणाले. आवाज ट्रॅक्टरचा नव्हता.

माझ्याजवळ दोन-तीन चांगली कारणं तयार होती. मजकूर दुसऱ्या पानावर जात होता, माऊसला अडचण होती, कास्टिंगची ऑर्डर होती. पण ऋतुजा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "तुम्ही साखरपुड्याला म्हणालात, दाजींनी टायपिंग करायचं. मला ते लागलं. एवढंच."

सर्जेरावांनी टीव्हीवरच्या माझ्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणलो हुतो खरं." आणि माझ्याकडे वळून, "पर ते खोटं हुतं व्हय? रागबी टायपिंगनंच काढलासा की."

आधी बापूदादा हसले. मग सुनंदा. ऋतुजा हसली तेव्हा मला श्वास घेता आला. बापूदादांची मी उठून, पाया पडून माफी मागितली. ते म्हणाले, माफी तोंडी नको, त्या फाईलीत टाक, हिस्टरीत राहूदे. टाकली.

सर्जेरावांनी पाठीशी उभं राहायचं कबूल केलं, पण एका अटीवर. पत्रिकेत शेवटचा एक बदल ते सांगणार आणि तो मीच टाईप करायचा, सगळ्यांसमोर, टीव्हीवर. मी बसलो. त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं. त्यानंतर ऋतुजानं शांतपणे माझा एडिट करायचा हक्क काढून घेतला. "तुम्ही आता फक्त बघायचं, बाबा."

पत्रिका तशीच छापून आली. लग्न चांगलं झालं. सर्जेराव पाठीशी उभे होते, मंगलाष्टकं चालू असताना डोळे पुसत होते, आणि अंतरपाट दूर झाल्यावर ऋतुजा आधी मागे वळून त्यांच्याकडे बघून हसली. मी बाजूला उभा राहून फक्त बघितलं.

जेवणाच्या पंगतीत नवऱ्याकडच्या एक प्रेमळ आजी पत्रिका हातात धरून बसल्या होत्या. किलबिलीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "ओवी, अर्णव आणि चि. गुंडू. किती वर्षांनी ऐकलं हो हे नाव! आता जुनी नावं परत ठेवायला लागलेत. कितवीत आहे गुंडू?"

मी त्यांच्या पानात जिलेबी वाढली आणि म्हणालो, "यंदा नापास झालाय."