चुकलेली आवृत्ती

हैफातील आमच्या संगणक केंद्रात त्या बाई शुक्रवारी पर्स खांद्याला अडकवूनच काम करीत. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होण्यापूर्वीची शेवटची बस त्यांना गाठायची असे. लहानपणीच त्या पनवेलहून आलेल्या, आणि त्यांचे मराठीही तेव्हाचेच राहिलेले.

रविवारी माझे सादरीकरण होते. लाटांचे गणित करणारा प्रोग्रॅम मीच सुधारता सुधारता बिघडवला होता. पूर्वीची, प्रयोगातल्या मोजमापांशी जुळणारे उत्तर देणारी फाइल परत मिळेल का, असे मी विचारले.

“मिळेल ना, पोरी. सगळी व्हर्जन सर्व्हरवर हायेत. पण कुठली पायजे? तू तर सगळ्यांवर नुसतं ‘बदल’ लिवलंस. पोरांना पण एकच नाव ठेवशील काय?”

त्यांनी साठवलेल्या आवृत्त्यांतली मधली चालवली. उत्तर बरोबर आले, म्हणजे बिघाड नंतरचा. मग उरलेल्यांतली मधली घेतली, ती चुकली. शोधाचा पल्ला दर खेपेस निम्मा होताना पाहून मी उभीच राहिले. अखेर बिघाडाआधीची शेवटची आवृत्ती सापडली; तिच्या आलेखाची रेघ प्रयोगाच्या ठिपक्यांवर अचूक बसली.

“आता चुकीच्या पुसून टाका ना, बाई.”

“कशाला? चांगली वर आणली, बस झालं. चुकलेली पण राहू दे. कुठं घसरलीस ते कसं कळणार?” असे म्हणत त्या बससाठी धावल्या.

मी ती आवृत्ती आणि तिच्या लगेच नंतरची चुकलेली, अशा दोन्ही शेजारी उघडल्या. फरक एकाच ओळीचा होता: प्रोग्रॅम लवकर चालावा म्हणून मी काळाची पायरी, म्हणजे एका हिशेबापासून पुढच्या हिशेबापर्यंतचा वेळ, वाढवली होती. ती किती वाढवली की गणित कोसळते, ते तिथे लख्ख दिसत होते. रविवारी मी दोन्ही आलेख मांडले, आणि सगळे प्रश्न चुकलेल्या आलेखावर आले.