पडद्यावरची कोंबडी

आमच्या ह्यांना हल्ली काही आठवत नाही. खुर्चीतून उठले की वाडीतून थेट समुद्रावर जातात आणि पाणी लागलं तरी थांबत नाहीत. मला घरी उतरलेल्या पाहुण्यांचं रांधायचं असतं, त्यांच्यामागे फिरता येत नाही. म्हणून मुलाने अंगणात कॅमेरा लावला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर स्वयंपाकघरात फळीवर ठेवला. त्यावर अंगण दिसायचं.

"आई, हा बंद करायचा नाही. गणपतीपासून चालू आहे, एकदाही अडला नाही."

"म्हैससुद्धा मधे बसते रे."

"ही म्हैस नाही. हा इन्व्हर्टरवर चालतो."

त्या दुपारी वाळत घातलेली सुपारी राखायला ह्यांना अंगणात बसवलं आणि मी नारळ खवायला घेतला. मान वर केली. पडद्यावर हे बसलेले, पायाशी शेपटी झडलेली कोंबडी. मासे तळले, परत पाहिलं. बसलेले. एवढं गुमान कधी बसत नाहीत. मला बरंच वाटलं.

"अहो, पाणी हवंय का?" ओरडले. ओ आली नाही. ती कधीच येत नाही.

तेवढ्यात मागच्या दाराने कोंबडी आत आली आणि खवणीखालचं खोबरं टिपू लागली. शेपटी झडलेली. आमच्याकडे तशी एकच आहे. मी वर पाहिलं. ती तिथेही होती, ह्यांच्या पायाशी, एक पाय उचलून.

अंगणात धावले. खुर्ची रिकामी होती. फाटक उघडं.

वादळात पडलेल्या सुरूच्या झाडांपलीकडे, भरतीच्या कमरेएवढ्या पाण्यात हे उभे सापडले. दंडाला धरून ओढत घरी आणलं आणि मुलाला फोन लावला.

"हँग झाला असेल गं. बटण दाबून धर, मग परत चालू कर."

पडद्यावर हे अजून खुर्चीत होते, कोरडे. माझ्या शेजारी हे उभे, लेंग्यातून पाणी गळत होतं.

"तो कोण बसलाय?"

"तुम्हीच."

"मग त्याला कशाला उठवतेस? बसू दे की."

मी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. परत उजळला तेव्हा सुपारीवर माडाची सावली आली होती आणि खुर्चीत कोणी नव्हतं.

"गेला," हे म्हणाले. "पाण्यात जाईल तो. बघून येतो."

दाराकडे वळले. मी आधी कडी घातली.