ग्लोरियाची सुट्टी आणि माझी

एका लॅबमध्ये वर्षानुवर्षं शेजारी बसून रक्त तपासलं, की किस्से कसे साठत जातात ते कळतही नाही. माझे निम्मे किस्से ग्लोरियाचे आहेत, आणि ते आठवले की हसू यायच्या आधी माझा जळफळाट होतो.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला राहायचो. ग्लोरिया आणि तिचा नवरा रेमंड हे ब्लॅक जोडपं, लग्नाला वीसेक वर्षं झालेली. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास ती दोघं दर हिवाळ्यात कोस्टा रिकाच्या जंगलातल्या एका लॉजवर जायची. दोघंच! आमची सुट्टी म्हणजे भारत, आणि तिथे माझा नवरा मला फक्त जेवायच्या वेळी दिसायचा.

*

पहिल्याच ट्रिपला एका गोऱ्या बाईने रेमंडला हमाल समजून आपली बॅग त्याच्या हातात दिली. त्याने ती मुकाट्याने तिच्या खोलीत नेऊन ठेवली. संध्याकाळी कोट घालून तिच्याच टेबलावर जेवायला बसला आणि म्हणाला, "बॅग फार जड होती. दगड भरलेत का?"

हे सांगताना ग्लोरिया हसत होती. मग हसू आवरून म्हणाली, असं कुठेही गेलं तरी एकदा होतंच. मला वाईट वाटलं. तरीही मनात आलं, त्या रात्री दोघं मिळून किती हसली असतील! मला हेवा वाटला तो त्या हसण्याचा.

*

पुढच्या वर्षी त्यांच्या शॉवरमध्ये बेडूक निघाला. त्याला न हाकलता दोघं टॉवेल गुंडाळून बाहेर पायरीवर गप्पा मारत बसली. हे मी घरी सुरेशला, माझ्या नवऱ्याला, रंगवून सांगितलं.

"वीज नाही, गरम पाणी नाही, न्हाणीत बेडूक," तो म्हणाला. "कुडाळला आमच्याकडे हे सगळं फुकट आहे."

"मग कुडाळला तरी दोघंच जाऊ या," मी म्हटलं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

*

रेमंड रोज दुपारी लॅबमध्ये फोन करायचा, काही काम नसताना. एकदा मीही सुरेशच्या ऑफिसात केला. माझा आवाज ऐकताच तो म्हणाला, "कोण गेलं?"

*

शेवटी लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला मी हट्टच धरला, आणि सुरेशने खरंच त्या लॉजचं बुकिंग केलं. मी नवी साडी नाही, नवा स्विमसूट घेतला.

बॉस्टनच्या एअरपोर्टवर आमच्या शेजारचे देशपांडे नवरा-बायको उभे होते, राइस कुकरसकट.

"अगं, दोघांनीच आठवडाभर बोलायचं काय?" सुरेश म्हणाला.

लॉजवर त्यानेच वाटणी केली. बायका एका केबिनमध्ये, पुरुष दुसरीत. पुरुषांनी आठवडाभर रमी खेळली. मी आणि देशपांडे वहिनी धबधब्यावर गेलो, झुलत्या पुलावर गेलो. वहिनींना कॅमेऱ्याचा भारी नाद, त्यांनी रोलच्या रोल संपवले.

परत आल्यावर ग्लोरियाने एकेक फोटो सावकाश पाहिला. सगळ्यांत मी एकटी.

"सुरेश कुठे आहे?" तिने विचारलं.

"तोच तर फोटो काढत होता," मी म्हटलं.

ग्लोरियाने गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून पाहिला. मग म्हणाली, "रेमंडने माझे इतके फोटो कधीच काढले नाहीत."