गंधासारखा उगाळलेला पट्टा

आमची सून योगिता सुरतच्या भेस्तानची. जन्म तिथलाच, शाळा गुजराती, त्यामुळे मराठी बोलते तेही जरा गुजराती वळणाचं. लग्न होऊन डिंडोलीला आमच्याकडे आली तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर एक जड पेटी होती. मला वाटलं शिलाईचं सामान असेल. उघडली तर आत चामड्याचे तुकडे, जाड सुया, लाकडी हातोडी. मी पदर नाकाला लावला. देवघर आणि चामडं एका छताखाली! सांगून टाकलं, ही पेटी गॅलरीत राहील.

"मग माझा पट्टाही गॅलरीत टांगू का?" आमच्या ह्यांनी विचारलं. "इतकी वर्षं कमरेला बांधून तुझ्या आरतीला उभा राहतोय. रबराचा वाटला का तुला?"

यावर मी रागावले. पेटी गॅलरीतच गेली.

लग्नाआधी योगिता एका बॅगांच्या कारखान्यात मशीनवर बसायची. तिथे सगळं झटपट. शिवा, कडेला रंग फासा, पुढचं घ्या. हाताने कड घासून चमकवायला ती मोबाइलवर बघून आपली आपण शिकली. इथे आल्यावर मात्र गल्लीतल्या सगळ्या बायांसारखं तिनेही साड्यांचं काम घेतलं. घरी बसून लेस कापायची, टिकल्या चिकटवायच्या. संध्याकाळी मान वळत नसे. आणि दुपारी सगळ्या आडव्या झाल्या की ही गॅलरीत जाऊन पाकिटं शिवायची. एकदा मी म्हटलं, "अगं, जरा पड की." तर म्हणाली, "आई, टिकली मी लावते, पण साडी कुठे जाते ते कळत नाही. पाकीट घेणारा मला दिसतो." मी नुसतं 'हं' म्हटलं. मला रोज वहीत वर देवाचं नाव आणि खाली घरातली भानगड लिहायची सवय आहे. त्या दिवशी खाली तिचंच वाक्य लिहिलं आणि शेजारी 'सून जास्त बोलते' असा शेराही मारला.

आषाढ सरत आला आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. उधन्याला नटुभाईंचं बॅगांचं दुकान आहे. त्यांनी योगिताकडे नमुन्याची एक छोटी बॅग मागितली. शनिवारी येऊन बघतो म्हणाले, पसंत पडली तर दर महिन्याला माल घेईन. म्हणजे लेस-टिकल्यांतून सुटका. आणि दुसरी गोष्ट, योगिताला दिवस गेले. आनंदच आनंद! पण चामड्याचा वास आला की तिला उलटी. बॅग कशीबशी शिवून झाली, खांद्याचा पट्टाही कापला, फक्त पट्ट्याच्या कडा घासायच्या राहिल्या. तेवढ्यासाठी ती तीनदा गॅलरीत गेली आणि तीनदा मोरीत.

"नटुभाई कड आधी बघतात, आई," ती भिंतीला टेकून म्हणाली. "कड कच्ची तर बॅग कच्ची. आणि हे चामडं एवढंच होतं."

"मी घासते," मी म्हणाले.

"तुम्ही?" सून म्हणाली.

"तू?" हेही म्हणाले.

झालं. आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

शिकवणी दारात झाली. मी गॅलरीत, गुरू खोलीत, तोंडाला ओढणी बांधून. आधी कडेचे कोपरे हलके सोलायचे, मग पॉलिश पेपरने घासायचं. मग डिंकाचं पाणी बोटाने लावायचं आणि खाचा असलेली लाकडी कांडी कडेवरून मागे-पुढे भराभर फिरवायची. कड गरम झाली की चमकते.

"पाणी किती?"

"थेंब. बोट ओलं, बस. आणि जोर नाही लावायचा."

सरावाला दिलेल्या टाकाऊ तुकड्यावर मी घासलं आणि काय सांगू, पहिल्याच फटक्यात कड काचेसारखी झाली! योगिताही बघत राहिली. मी मनात म्हटलं, यात काय मोठं? लग्न झाल्यापासून रोज सकाळी सहाणेवर चंदन उगाळतेय. लाकूड, पाणी आणि हात, तेच तर आहे. ही पोर मला घासायला शिकवणार?

पोर जेवून झोपली. मी हात-पाय धुतले, पट्टा समोर घेतला, डोळे मिटून जप सुरू केला आणि लागले उगाळायला. गोल गोल, दाबून, गंध उगाळतात तसं. पाणी आटलं की घाल आणखी, हाही गंधाचाच नियम. जप छान लागला. डोळे उघडले तर कड फुगली होती. भाकरीचा काठ दुधात पडावा तशी लिबलिबीत, दोन्हीकडे ओठ काढलेली, वर काळे डाग. मला वाटलं घासणं कमी पडलं. म्हणून आणखी पाणी घातलं.

मग घाबरले. आमच्या खानदेशच्या देवीला, कानबाईला हात जोडले. म्हटलं, माय, एवढी कड बसव, यंदा तुझ्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मी एकटी जात्यावर दळीन. घरात जातं नाही, हे नवस बोलल्यावर आठवलं.

तेवढ्यात हे चहासाठी उठून आले. हे चिडले किंवा खूश झाले की अहिराणीत शिरतात. यातलं नेमकं काय झालं होतं, मला अजून कळलेलं नाही.

"हाऊ पट्टा शे का पापड?"

"हळू बोला!"

"आते काय करशी?"

काय करणार? मी पट्टा पदराखाली लपवला. ओल्या पट्ट्याने लुगड्यावर तपकिरी रेघ उमटली आणि योगिताने उठल्या उठल्या आधी तीच पाहिली.

"आई, पट्टा दाखवा."

दाखवला. तिने ओरडायला हवं होतं. मी सासू, माझ्यावर सून ओरडली असती तर निदान मला रुसता तरी आलं असतं. ती खाली बसली, दोन बोटांनी कड चेपून बघितली आणि हळूच म्हणाली, "टिकल्यांचं नवीन बंडल उद्या आणायचंय ना? सांगून ठेवा साडीवाल्यांना, घेते म्हणून."

मी पट्टा परत माझ्यापुढे ओढला.

"टिकल्या मरू दे," मी म्हटलं. "आता काय करायचं ते सांग. सांगशील तेवढंच करीन. देवाशप्पथ."

पट्टा रात्रभर गॅलरीत टांगून वाळवला. सकाळी ती ओढणीआडून सांगत गेली आणि मी फुगलेले ओठ पॉलिश पेपरने उतरवत गेले. सगळं नीट झालं, फक्त मधे एका जागी जास्त उतरलं. पट्ट्याला कंबर आली.

शनिवारी नटुभाई आले. चहाला हात न लावता पट्टा उचलला आणि बरोब्बर कमरेवर बोट ठेवलं.

"बेन, आ शुं छे? उंदर खाई गयो?"

योगिता खाली मान घालून उभी. ती काहीतरी सारवासारव करणार, माझं नाव झाकणार, हे तिने तोंड उघडताच मला कळलं. तेवढी ती शहाणी आहे. पण मग कच्ची कड तिच्या नावावर गेली असती.

"उंदीर मी आहे, भाई," मी म्हटलं. "सुनेला बरं नाही, म्हणून पट्टा मी घासला. बाकी बॅग तिची आहे. झाकणाची कड बघा, ती तिच्या हातची."

"देखाय छे," नटुभाई म्हणाले. म्हणजे दिसतंय. काय दिसतंय ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला समजलं.

त्यांनी झाकण उजेडात धरलं. कडेवरून नख ओढलं, एकदा, दोनदा. कुठे अडकलं नाही. मग बॅग उलटी करून शिलाई पाहिली, पुन्हा कडेवर आले. मग चहा उचलला.

"पट्टा रहने दो," ते म्हणाले. "साखळी मी लावून घेईन, हल्लीच्या पोरी साखळीच मागतात. झाकण मात्र मला असंच पाहिजे. पहिला माल राखीनंतर."

ते जिना उतरले तशी योगिता रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. ह्यांना राहवेना, मला म्हणाले, "बघ, तुझी कड एवढी भारी, की तिच्या जागी लोखंड आणावं लागलं!"

मी मात्र हिशेब मांडत होते. राखी दूर नाही, उलट्या कधी थांबतील सांगता येत नाही, आणि झाकणांना तर कडा आहेतच. दुपारी भांडी आवरून मी गॅलरीत जाऊन बसले. न बोलावता.

योगिता ओढणी बांधून दारात आली. पेटीतून टाकाऊ तुकड्यांची पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"हे घासा. डोळे उघडे ठेवून. झाकणाला हात नाही लावायचा."

"आणि हे जमले की झाकणं?"

"मग बघू," ती म्हणाली.

या घरात 'मग बघू' आजवर फक्त मी म्हणत आले आहे आणि त्याचा अर्थ काय असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी बोट ओलं केलं, झटकलं आणि पहिला तुकडा घेतला.