पहिल्या रांगेतले गणपतराव

पडदा वर जातो, तेव्हा समोर कोराडीतल्या एका बैठ्या घराची पुढची खोली असते. रविवारची दुपार. खिडकीच्या गजांवर वीज केंद्राच्या राखेची बारीक पूड, जमिनीवर सतरंजी, दोन खुर्च्या, आणि मधोमध टेबलावर स्टीलच्या तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल.

नायक आफ्रिकेत आहे. लष्करातला हवालदार सौरव, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तुकडीतला, दक्षिण सुदानमध्ये. नेट मिळतं ते रविवारीच, म्हणून तो दिसणार म्हटलं की घर भरतं. पहिल्या खुर्चीत वडील, वीज केंद्रातून निवृत्त झालेले गणपतराव. दुसरीत शेजारचे चंपतराव. सतरंजीवर आई सुमती. आणि मागे, दाराच्या चौकटीला टेकून, सौरवची बायको शामला.

"तिकडं संत्री भेटतात का गा?" चंपतराव ओरडले.

"नाही काका. आंबे भेटतात."

"मंग काय कामाचा देश!"

हशा झाला. सगळ्यांचं बोलून झालं, की शेवटी मोबाइल शामलाकडे वळायचा. "जेवलात?" "हो. तू?" "हो." कित्येक महिने नवरा-बायकोचा संवाद एवढाच.

पण त्या दिवशी सौरव मध्येच म्हणाला, "बाबा, मी आणखी एक वर्ष मागून घेऊन राहिलो. घरी माझ्यावाचून कोणाचं अडते?"

"शाब्बास पठ्ठ्या!" चंपतराव म्हणाले.

गणपतरावांच्याही ओठांवर तेच होतं. पण त्यांची नजर शामलाकडे गेली. तिचे ओठ हलत होते आणि शब्द फुटत नव्हता. ती सगळ्यांच्या पाठींकडे बघत होती. गणपतरावांना लख्ख दिसलं. पोरा-सुनेला चार भिंती द्यायच्या, तर आपण नाट्यगृह थाटलं, आणि पहिल्या रांगेत आपणच बसलोय.

ते उठले. "चला, बाहेर."

"काहून जी? पोरगा दिसून राहिला ना!" सुमती म्हणाली.

"दिसू दे तिले. चंपत, ऊठ गा."

"अन् माहा चहा?"

"कप घेऊन चाल!"

दार ओढून घेऊन तिघं अंगणातल्या कडुलिंबाखाली उभे राहिले. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक धडधडत गेला. त्याचा आवाज विरला आणि आतून दुसराच आवाज उठला.

"कोणाचं अडते म्हणता? माझं अडते! आपल्या खुशीले डेंगू झाला, तवा नागपूरच्या रामदासपेठेच्या दवाखान्यात मी एकटी बसली. तुम्हाले टेन्शन नको म्हणून सारे म्हणाले, ठीक हाय सांग. मी सांगितलं. ठीक नव्हतं! पोरगी मरता मरता वाचली तुमची!"

सुमतीने तोंडावर पदर धरला. गणपतराव दाराकडे वळले. या घरात सहा वर्षं जिचं पाऊल वाजलं नाही, तिच्या छातीत एवढा आवाज होता! साऱ्या गल्लीला पुरून उरेल असा. त्यांना वाटलं, हात जोडावेत.

मग सौरवचा घोगरा स्वर आला. "मले वाटे, तुले माझ्यासंग बोलावंसंच वाटत नाही."

"एवढ्या लोकांत काय बोलू?"

पुढे दोघं एकदमच बोलू लागले. काय ते कळेना, पण थांबेनात. चंपतरावांचा चहा हातातच निवला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. शामलाचे डोळे सुजले होते आणि मान ताठ होती.

"वर्ष नाही मागून राहिले ते आता," ती सासऱ्यांना म्हणाली. "पण मामाजी, पुढच्या रविवारी बी बाहेरच बसा. भांडण अर्धंच झालं."