मीनाक्षीकाकूंची खुर्ची

लग्न होऊन सांगलीहून टेक्सासात आल्यापासून मीनाक्षीकाकूंनी तव्यावरची गरम पोळी खाल्ली नव्हती. दर शनिवारी ह्यूस्टनला शिकणारी मराठी मुलं जवळच्या शुगर लँड गावातल्या त्यांच्या घरी जेवायला यायची. फुगलेली पोळी थेट मुलांच्या ताटात जायची, एरवी नवऱ्याच्या नि लेकीच्या, आणि काकू शेवटी ओट्याशी उभ्यानंच उरलेली गार पोळी दुधात कुस्करून खायच्या. त्याचं त्यांना काही वाटत नसे. काळजी एकच, पोरं अर्धपोटी निघाली आणि हायवेवर डुलकी लागली तर?

"अगं, डुलकी भरल्या पोटी लागते," श्रीरंगकाका म्हणायचे. पण काळजी कुणाचं ऐकते?

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात काकांनी कुणाच्या तरी दारातल्या गराज सेलमधून जुनं, मोठं गोल टेबल गाडीच्या टपावर बांधून आणलं. त्यांची लेक मृणालिनी हरखून गेली. शाळेत तिला एका शूर राजाची गोष्ट सांगितली होती. त्याचे सरदार अशाच गोल टेबलाभोवती बसत, म्हणजे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही.

शनिवारी मुलांपैकी गुरुदत्त वेळेवर आला, गिरीश नेहमीसारखा उशिरा. तो स्वयंपाकघराजवळच्या रिकाम्या खुर्चीत टेकणार, तोच मृणालिनी ओरडली, "नो! डोन्ट सिट देअर!"

"का गं, मोडकी आहे?"

"राजाच्या टेबलाला एक चेअर एम्प्टी असते. राँग पर्सन बसला, की डेड!"

"बाप रे! मग राइट पर्सन कोण?"

तिनं ओट्याकडे बोट केलं. "आई. बट शी नेव्हर सिट्स."

काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. "काहीतरीच तुझं! मी बसले तर पोळ्या कोण करणार? पोरं उपाशी राहतील."

"मी करतो," गुरुदत्त उठला.

"तू? यार, तुझा चहासुद्धा करपतो!" गिरीश हसला.

"मग तू ये लाटायला."

दोघे ओट्याशी गेले. काकू बसल्या, पण डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहावी तशा, खुर्चीच्या कडेवर. "गॅस बारीक कर रे. पिठी किती लावतोस!" दोनदा त्या उठल्या आणि दोन्ही वेळा मृणालिनीनं हात धरून त्यांना खाली बसवलं.

शेवटी पोळी आली. कडा जाड, एक बाजू करपलेली, पण वाफाळती.

"ही पोळी आहे की ढाल?" काका म्हणाले.

"सरदाराच्या हातून ढालच मिळणार, काका," गिरीश म्हणाला.

काकूंनी तुपाची धार सोडली, घास मोडला. बोटांना चटका बसला. त्या सावकाश चावत राहिल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ जरा कमी झालंय कणकेत. ते माझंच चुकलं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. "दुसरी आण रे, गुरुदत्त. गरम."